उत्पत्तिकथा आणि उतरंड

जग कसे झाले, हा प्रश्न कोणत्याही एका जातीच्या मालकीचा नाही. रात्री खळ्यावर राखणीला निजलेल्या माणसाला तो पडतो आणि वेधशाळेत बसलेल्या संशोधकालाही पडतो. जगाच्या पाठीवरील बहुतेक लोकसमूहांनी आपापल्या परीने त्याचे उत्तर दिले आहे. कोणाच्या कथेत सुरुवातीला नुसते पाणी आहे, कोणाच्या कथेत अंडे आहे, कोणाच्या कथेत देवाचा शब्द आहे. या उत्तरांत भाबडेपणा असेल. पण कुतूहलही आहे, आणि कुतूहल ही माणसाची प्रतिष्ठा आहे. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही.

तक्रार आहे ती वेगळ्या गोष्टीची. आपल्या देशात उत्पत्तीच्या कथेवर आणखी एक काम सोपवण्यात आले. जग कसे झाले हे सांगता सांगता, त्या जगात कोणी कुठे बसायचे, हेही तिने सांगून टाकले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणाला पडताळता येत नव्हते. म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही कोणी पडताळले नाही. सृष्टीच्या आरंभी जे ठरले ते माणसाने बदलायचे नसते, अशी समजूत रुजली. आपल्या समाजरचनेच्या उतरंडीतले सगळ्यात खालचे मडके या समजुतीवर ठेवलेले आहे.

मी जालना जिल्ह्यात इतिहास शिकवतो. हा जिल्हा कागदोपत्री तरुण आहे. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके आणि परभणी जिल्ह्यातला परतूर तालुका मिळून तो झाला. पण या भूमीवर उत्पत्तीच्या ज्या कथा सांगितल्या गेल्या त्या फार जुन्या आहेत आणि एकमेकींशी भांडणाऱ्या आहेत. त्यांतल्या काही ग्रंथांत आहेत, काही आपल्याच वस्त्यांत तोंडोतोंडी जगल्या, आणि एक दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या माणसांनी ज्या धम्माला दान दिले त्या धम्माने सांगितलेली आहे. या साऱ्यांना एकाच प्रश्नाने तपासावे, असे मला वाटते. कथा खरी की खोटी, हा प्रश्न सोपा आहे. सर्वांत शेवटी जन्मलेल्या माणसाचे ती कथा काय करते, हा प्रश्न अवघड आहे आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

१

सुरुवात ऋग्वेदापासून करावी लागते. दहाव्या मंडलातल्या नव्वदाव्या सूक्तात, म्हणजे पुरुषसूक्तात, देवांनी एका विराट पुरुषाचा यज्ञ केला आणि त्याच्या देहातून सूर्य, चंद्र, आकाश, पृथ्वी, पशू, वेद निर्माण झाले, असे वर्णन आहे. त्याच ओघात त्याचे मुख ब्राह्मण, बाहू राजन्य, मांड्या वैश्य आणि पायांपासून शूद्र, ही मांडणी येते. मनुस्मृतीने पहिल्या अध्यायात सोन्याच्या अंड्याची कथा सांगून हीच मांडणी पुढे नेली आणि तिला कायद्याचे रूप दिले. सूर्य जसा नैसर्गिक तसा शूद्र नैसर्गिक, असा तिचा अर्थ झाला.

या मांडणीची खरी चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली ‘शूद्र कोण होते?’ या ग्रंथात केली. हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. बाबासाहेबांनी पुरुषसूक्तावर शिव्यांची लाखोली वाहिली नाही. त्यांनी ते इतर ग्रंथांशेजारी ठेवले. मग दिसले ते असे. शतपथ ब्राह्मणात एके ठिकाणी प्रजापतीने भूः, भुवः, स्वः हे तीन शब्द उच्चारून ब्राह्मण, क्षत्रिय आणि विश् निर्माण केले. शूद्राचा तिथे पत्ताच नाही. तैत्तिरीय ब्राह्मणात एके ठिकाणी वर्ण वेदांपासून झाले, तर दुसऱ्या ठिकाणी ब्राह्मण देवांपासून आणि शूद्र असुरांपासून झाला. ज्यांना आपल्या श्रेष्ठत्वाची एवढी खात्री होती त्यांना आपल्या जन्माची खात्री नव्हती. पुरुषसूक्तातल्या वर्णांच्या ऋचा मागाहून घातलेल्या आहेत, असा निष्कर्ष बाबासाहेबांनी काढला. पुढे ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये त्यांनी एक सबंध कोडे याच प्रश्नाला दिले. शासनाने हे लेखन १९८७ साली चौथ्या खंडात प्रसिद्ध केले, तेव्हा राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून वादळ उठले. त्या धुरळ्यात उत्पत्तीचे कोडे मात्र बहुतेकांचे वाचायचे राहून गेले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्याच दहाव्या मंडलात नासदीय सूक्त आहे. आरंभी सत् नव्हते आणि असत् नव्हते, हे सारे कोठून आले ते कोणाला ठाऊक, वरून पाहणाऱ्यालाही कदाचित ठाऊक नसेल, असा त्याचा आशय आहे. एकाच मंडलात शंका आहे आणि उतरंडही आहे. ज्या परंपरेजवळ एवढी प्रामाणिक शंका होती तिने समाज चालवण्यासाठी मात्र उतरंड निवडली. शंकेचे सूक्त पंडितांच्या कौतुकापुरते उरले. पायाची ऋचा गावोगाव अंमलात आली.

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोनेही आपल्या आदर्श राज्यासाठी अशीच एक कथा योजली होती. कोणाच्या घडणीत सोने, कोणाच्या चांदी, कोणाच्या लोखंड आणि पितळ. त्यावरून राज्यकर्ते, सैनिक आणि कष्टकरी ठरायचे. पण प्लेटोने दोन गोष्टी मान्य केल्या. ही कथा रचलेली आहे, हे त्याने लपवले नाही. आणि लोखंडाच्या आईबापांपोटी सोन्याचे मूल आले तर त्याला वर चढवावे, असे त्याने सांगितले. आपल्या शास्त्रकारांनी यांतले काहीच मान्य केले नाही. तिथे रचलेली कथा अपौरुषेय झाली आणि लोखंडाचे मूल पिढ्यान्‌पिढ्या लोखंडच राहिले.

आणि आपण? आपण तर त्या विराट देहातही नाही. मुख, बाहू, मांड्या, पाय झाले, अवयव संपले. मनूने दहाव्या अध्यायात पाचवा वर्ण नाहीच असे बजावले आणि चांडाळाचा जन्म शूद्र बाप आणि ब्राह्मण आई यांच्या संकरातून झाला असे सांगितले. याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. चार वर्णांना निर्मिती आहे. अस्पृश्याला निर्मिती नाही, फक्त पाप आहे. त्याचा जन्म हीच चूक. मराठवाड्यातल्या जुन्या गावाचा नकाशा काढून पाहा. मध्ये पाटलाचा आणि कुलकर्ण्याचा वाडा, भोवती बलुतेदारांची घरे, मग गावकूस आणि गावकुसाबाहेर महारवाडा, मांगवाडा. पुरुषसूक्त ज्याने कधी ऐकले नाही त्याच्याही पायाखाली ते असे आखलेले होते. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने केला आणि त्यानंतर मराठवाड्यात वस्त्या पेटल्या. पेटवणाऱ्याला वस्ती शोधत फिरावे लागले नाही. ती कुठे असणार हे कित्येक शतकांपूर्वीच ठरलेले होते.

२

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. १६०८ साली ते तिथे जन्मले. त्यांच्या दासबोधात सृष्टीच्या उत्पत्तीचा विचार पुष्कळ आहे. आठव्या दशकात ब्रह्मापासून माया, मायेपासून तीन गुण आणि पाच भूते, आणि त्यांपासून हे चराचर, असा क्रम ते तपशिलाने लावतात. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांचेच सारे देह बनलेले. राजाचा देहही तोच आणि रंकाचाही तोच. वाचकाला वाटते, आता पुढचे पाऊल पडणार. भूते एकच असतील तर माणसे एकच.

ते पाऊल पडत नाही. त्याच ग्रंथाच्या पाचव्या दशकात ब्राह्मण हाच सर्वांना पूज्य आणि गुरुस्थानी, असा निर्णय येतो. चौदाव्या दशकात युगधर्म सांगताना खालच्या जातींना गुरुत्व आले, ब्राह्मण भ्रष्ट झाले, याचा खेद येतो. मी हे रामदासांना एकट्याला कोंडीत पकडण्यासाठी सांगत नाही. यातून निघणारा धडा त्यांच्यापेक्षा मोठा आहे. सगळ्यांची माती एकच, एवढे म्हटल्याने समता येत नाही. तत्त्वज्ञानात अद्वैत आणि अंगणात द्वैत सुखाने नांदू शकतात. मूळ एक असल्याचे ज्ञान एका गोष्टीसाठी वापरता येते आणि समाजाचे नियम दुसऱ्याच गोष्टीवर उभे करता येतात. या धड्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

भोकरदन तालुक्यात जाळीचा देव हे महानुभावांचे स्थान आहे. तेराव्या शतकात चक्रधरांनी मांडलेल्या या मताची सृष्टिकल्पना वेगळी आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ त्यात स्वतंत्र आणि अनादी मानले आहेत. देवता एक्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा. पण त्यांतली एकही मोक्ष देऊ शकत नाही. म्हणजे ज्या ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मल्याचा अभिमान बाळगायचा तो ब्रह्मदेवच गर्दीत हरवला. ब्रह्मदेवाची किंमत उतरली की मुखाची किंमतही उतरते. या पंथाने स्त्रियांना आणि शूद्रांना संन्यासाचा अधिकार दिला आणि धर्म मराठीत आणला, तो निव्वळ दयेपोटी आणला नाही. त्याच्या विश्वाच्या कल्पनेतच मुख आणि पाय यांना जागा नव्हती. पंथ पुढे सांकेतिक लिपीत आणि मठांत बंद झाला, ही त्याची शोकांतिका. परंतु उत्पत्तीचा विचार बदलला की माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलू शकते, याचा हा आपल्या मातीतला पुरावा आहे.

३

ग्रंथ इथवर. पण ज्यांना ग्रंथ वाचू दिले नाहीत त्यांनीही सृष्टीचा विचार केला. तो आपल्या वस्त्यांत कथांच्या रूपाने राहिला.

मातंगांचा आद्यपुरुष जांबऋषी. डक्कलवार हे मातंगांचे भाट. किंगरी वाजवीत वस्तीवस्तीवर फिरायचे आणि मातंगांना त्यांचे जांबपुराण ऐकवायचे, ही त्यांची वृत्ती. शेजारच्या तेलंगणात मादिगांकडे हीच परंपरा आहे. मराठवाडा आणि तेलंगण १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि कथांना जकात नसते. या कथेचा गाभा असा की आदिजांबव पृथ्वीच्याही आधी जन्मला, सहा महिने आधी. सारे पाणीच पाणी होते तेव्हा तो होता. देव मागून आले. ज्या माणसाला गावात शेवटचा घोट मिळे, त्याच्या पुराणात तो पहिला आहे. सगळ्यात धाकटा ठरवलेला म्हणतो, मी सगळ्यात थोरला. निरक्षरांनी पुरुषसूक्ताला दिलेले हे उत्तर आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

पण पुढे काय होते पाहा. मादिगा आणि माला यांच्या कथेत देव कामधेनूचे मांस शिजवायला सांगतात. भांड्यातून एक तुकडा बाहेर पडतो. स्वयंपाकावरचा पोर तो उचलतो, त्यावरची धूळ फुंकरीने उडवतो आणि परत भांड्यात टाकतो. त्याच्या फुंकरीने अन्न विटाळले म्हणून देव रागावतात आणि शाप देतात. महारांच्या महामुनीची कथा १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवरील ग्रंथात नोंदवली आहे. तिथेही दैवी गाय मरते, देव तिचे मांस शिजवतात, महामुनीला भांड्यावर राखण बसवतात. तुकडा बाहेर पडतो. घाण झालेला तुकडा परत टाकायला नको म्हणून महामुनी तो स्वतः खातो. देवांना कळते आणि ते शाप देतात, तुझ्या वंशाने मेलेल्या गाईचे मांस खाऊन जगावे.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो. एकाने तुकडा परत टाकला, त्याला शाप. दुसऱ्याने परत टाकला नाही, त्यालाही शाप. म्हणजे तुकड्याचे काय केले याला महत्त्वच नव्हते. शाप आधी ठरला होता. कारण मागून शोधले. गाय शिजवायचे ठरवले देवांनी, जेवायला बसणार होते देव, आणि गोमांस खाल्ल्याचा कलंक लागला तो चुलीपुढे बसवलेल्या पोराला.

आमच्या घरी आजी या कथेचा एक तुकडा सांगायची, आणि शेवटी म्हणायची, चुकलंच ना बाबा आपल्या माणसाचं. या वाक्यात आपली सारी गुलामी आहे. गुलामाला साखळी घालणे हे अर्धेच काम. साखळी माझ्याच चुकीने पडली असे त्याने म्हणावे, तेव्हा ते काम पुरे होते. आपल्या वस्तीतली कथा बंडाने सुरू होते आणि कबुलीजबाबाने संपते. आरंभ आपला आहे. शेवट कोणाच्या तरी सोयीचा आहे.

तरीही ही कथा फेकून देऊ नये असे मी म्हणतो, आणि या मुद्द्यावर माझे अनेक कार्यकर्त्या मित्रांशी मतभेद आहेत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आमच्या घरांतून या कथा सांगणे बंद झाले. ते योग्यच झाले. श्रद्धा म्हणून त्या जगवण्याचे काहीच कारण नाही. पण पुरावा म्हणून? बाबासाहेबांनी १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या विषयावरील ग्रंथात सिद्धान्त मांडला की एके काळी ब्राह्मणांसह सारेच गोमांस खात. बौद्ध धम्माशी झालेल्या संघर्षात ते वरच्या वर्णांनी सोडले आणि जे सोडू शकले नाहीत ते वाताहत झालेले लोक अस्पृश्य ठरले. अस्पृश्यतेचा काळ त्यांनी इसवी सन ४०० च्या सुमाराला नेला. आता भांड्याची कथा पुन्हा वाचा. तिच्यात देवच गाय शिजवतात. शाप देणाऱ्यांच्या तोंडाला आधी पाणी सुटलेले होते, ही आठवण निरक्षर माणसांनी शतकानुशतके सांभाळली. ती पुसून टाकणे शाप देणाऱ्यांनाही जमले नाही. साक्षीदार गोंधळलेला असेल, स्वतःलाच दोष देत असेल; म्हणून न्यायालय त्याला हाकलून देत नाही. त्याची उलटतपासणी करते.

४

उलटतपासणीची रीत आपल्याला जोतीराव फुल्यांनी शिकवली. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गुलामगिरी’ची सुरुवातच ब्रह्मदेवाच्या प्रसूतीपासून होते. मुख, बाहू, मांड्या आणि पाय या चार ठिकाणांहून चार वर्ण जन्मले असतील तर ब्रह्मदेवाला चार ठिकाणी गर्भाशय असले पाहिजे, मग त्याच्या विटाळाचे दिवस कसे जात, असे साधे घरगुती प्रश्न जोतीराव धोंडीबाच्या संवादात उभे करतात. यात खवचटपणा आहे. पण तो पोकळ नाही. बाळंतपण म्हणजे काय हे कष्टकऱ्याच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते. त्या अनुभवापुढे ऋचेला उभे करायचे, ही त्यांची पद्धत. मत्स्य, कच्छ, वराह हे अवतारही ते चमत्कार मानीत नाहीत. बाहेरून आलेल्या आक्रमकांच्या टोळ्या म्हणून वाचतात. हे वाचन इतिहास म्हणून आज सगळेच्या सगळे टिकणार नाही. आर्यांच्या आगमनाविषयीचे ज्ञान त्यांच्या काळानंतर पुष्कळ बदलले. पण पुराणकथेला प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांनी आपल्या हातात दिला, तो टिकला आहे.

जोतीरावांनी हे पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या देशातल्या गुलामांच्या मालकांनीही उत्पत्तीचाच ग्रंथ हाती घेतला होता, हे आपण विसरतो. बायबलमध्ये सारी माणसे एका आदमाची लेकरे. तरीही नोआने दिलेल्या शापाचा आधार काढून काळ्या माणसाची गुलामी धर्मसंमत ठरवली गेली. तिथेही जन्म एक आणि मागून एक शाप.

शेवटच्या आजारपणातही जोतीराव ज्यावर काम करीत होते ते ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्यात ते निर्मिक मानतात. अनंत पोकळीत असंख्य सूर्यमंडळे निर्माण करणारा निर्मिक. पण तो अवतार घेत नाही, कोणाच्या कानात मंत्र सांगत नाही आणि त्याला देह नाही. देह नाही म्हणून मुख नाही आणि पाय नाहीत. सृष्टीचा कर्ता मान्य करूनही त्यांनी उतरंडीचा आधार काढून घेतला.

५

आता या जिल्ह्यातल्या सर्वांत जुन्या साक्षीकडे वळतो. केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. श. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले आणि सातवाहनकाळातले भरभराटीचे नगर उजेडात आले. तिथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी नाते सांगते. पण आपल्याला त्याहून मोलाची गोष्ट दगडावर आहे. सांची आणि भारहूत येथील स्तूपांच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. आजच्या जालना जिल्ह्यातली माणसे दोन हजार वर्षांपूर्वी तिथे दान देत होती. त्या लेखांत माणूस आपली ओळख कशी देतो? अमुक गावचा, अमुक धंद्याचा, अमुकाची आई, भिक्षू, भिक्षुणी, उपासिका. कोणाच्या मुखातून की पायातून जन्मलो, हे तिथे कोणी कोरून ठेवीत नाही.

त्या धम्माजवळही उत्पत्तीची कथा होती. दीघ निकायातले अग्गञ्ञ सुत्त ते. वासेट्ठ आणि भारद्वाज हे ब्राह्मण कुळातले दोघे संघात आलेले. आपले लोक आपल्याला शिव्या देतात, आम्ही ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलो आणि तुम्ही मुंडकांत गेलात म्हणतात, असे ते बुद्धाला सांगतात. बुद्धाचे पहिले उत्तर जोतीरावांच्याच जातीचे आहे. ब्राह्मणांच्या बायका ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, मुलाला पाजतात, हे सगळ्यांना दिसते. मग मुखाची गोष्ट कुठली? या दोन उत्तरांमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

मग बुद्ध आरंभाची कथा सांगतो. पाणी आणि अंधार. त्यात स्वतःच्या प्रकाशाने तरंगणारे जीव. पाण्यावर मधासारखी गोड साय धरते. एक जण बोट लावून चाखतो, हाव सुटते, अंगचा प्रकाश मावळतो आणि सूर्यचंद्र दिसू लागतात. पुढे कोंडा नसलेला तांदूळ आपोआप उगवू लागतो. सकाळी कापला की संध्याकाळी तयार. एका आळशाला वाटते, दोन वेळा कशाला जायचे, एकदाच दोन वेळांचा आणू. मग कोणी चार दिवसांचा आणतो, कोणी आठ दिवसांचा. साठवण सुरू होते. तांदळाला कोंडा येतो, कापलेले पुन्हा उगवत नाही, शेतांना बांध पडतात. बांध पडले की चोरी येते, चोरीबरोबर खोटे बोलणे येते, मारहाण येते. मग लोक एकत्र जमतात, एकाला निवडतात, त्याला तांदळाचा वाटा देऊन न्याय करायला सांगतात. तो महासम्मत, सगळ्यांनी मान्य केलेला. क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य, शूद्र ही नावे त्यानंतर कामांवरून पडली. आणि ती सारी एकाच प्रकारच्या माणसांतून पडली, असे बुद्ध आवर्जून सांगतो.

या कथेत शापाला जागा नाही. खाली कोणी ढकललेला नाही. दुःखाचे मूळ कोणाच्या जन्मात नाही. साठवणुकीत आहे, बांधात आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी मराठवाड्यात पाहिला, कोणाच्या पेवात धान्य होते आणि कोण रस्त्याच्या कामावर खडी फोडीत होते हे ज्यांनी पाहिले, त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही. जे माणसांनी ठरवून केले ते माणसांना ठरवून मोडता येते, एवढा अर्थ तिच्यात आहे. आपल्याला तेवढा पुरेसा आहे.

६

आज वर्गातल्या मुलांना विश्वाच्या उत्पत्तीची आणखी एक कथा शिकवली जाते, आणि ती कथा नव्हे तर पडताळून पाहता येणारे ज्ञान आहे. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी अत्यंत तप्त आणि दाट अवस्थेतून विश्व पसरू लागले. १९६५ साली पेंझियस आणि विल्सन यांनी त्या उष्णतेचा आजही सर्व दिशांनी येणारा मंद अवशेष ओळखला. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे. जालन्याच्या रस्त्यांवर फोडला जाणारा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. जालन्यातल्या पोलादाच्या भट्टीत वितळणारे लोखंड आणि भट्टीपुढे उभ्या मजुराच्या रक्तातले लोह, दोन्ही पूर्वी होऊन गेलेल्या ताऱ्यांत तयार झाले.

हे ज्ञान आपण डोक्यावर घेतलेच पाहिजे. पण दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

पहिली अशी. महास्फोटाचा सिद्धान्त नासदीय सूक्तात आधीच आहे, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांना आपण हसतो. पण आपल्यातही काही जण अग्गञ्ञ सुत्तातल्या विश्वाच्या आकुंचन-प्रसरणावरून बुद्धाला महास्फोट ठाऊक होता असे म्हणू लागले आहेत. हा तोच रोग आहे. महास्फोटाच्या कल्पनेचा एक जनक जॉर्ज लमेत्र हा कॅथलिक धर्मगुरू होता. १९५१ साली पोप बाराव्या पायसने त्या सिद्धान्ताचा निर्मात्याच्या बाजूने आधार घेतला, तेव्हा लमेत्रलाच ते रुचले नाही. विज्ञान उद्या बदलू शकते. त्याच्यावर श्रद्धा टांगू नये, एवढे त्याला कळत होते. बुद्धाचे मोठेपण सिद्ध करायला आपल्याला दुर्बिणीची गरज पडू नये.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपण सारे ताऱ्यांच्या धुळीचे, म्हणून जात खोटी, असे भाषणात म्हटले की टाळ्या पडतात. पण आठवा, जांबच्या समर्थांनाही सारे देह पाच भूतांचेच दिसत होते. पंचमहाभूतांनी जे झाले नाही ते ताऱ्यांच्या धुळीने आपोआप होणार नाही. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेला माणूस जाहिरात देऊन स्वजातीची वधू शोधतो, हे आपण रोज पाहतो. मूळ एक असणे ही वस्तुस्थिती आहे. समता हा निर्णय आहे. वस्तुस्थिती विज्ञान सांगते. निर्णय आपल्यालाच घ्यावा लागतो, आणि घेतल्यावर राबवावा लागतो.

म्हणूनच ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी सृष्टीचा कर्ता कोण या प्रश्नालाच धम्माच्या केंद्रातून दूर केले. जग कोणी केले या वादात माणसाचे दुःख एका तिळानेही कमी होत नाही. धम्माचा विषय माणसाचे माणसाशी वागणे हा आहे. हा प्रश्नाला दिलेला बगल नव्हे. हजारो वर्षे जो प्रश्न आपल्याविरुद्ध वापरला गेला त्याच्यावरचा हक्क त्यांनी काढून घेतला. पहिला कोण जन्मला याला यापुढे किंमत नाही. विराट पुरुषाच्या मुखाला नाही आणि, जड मनाने म्हणावे लागते, आदिजांबवाच्या सहा महिन्यांनाही नाही. ज्याने दुःखाच्या दिवसांत आपल्याला ताठ उभे केले त्या जांबपुराणाचे ऋण मानावे. पण थोरलेपणाच्या स्पर्धेत उतरू नये. उतरंड उलटी केली तरी ती उतरंडच असते.

यातून आपल्यापुढे काम कोणते राहते? किंगरीवर जांबपुराण सांगणारी माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली आहेत. घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन या तालुक्यांतल्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांकडे वही घेऊन बसावे. कथा जशी सांगितली जाईल तशी उतरून घ्यावी. लाज वाटते म्हणून गाळू नये, अभिमान वाटतो म्हणून वाढवू नये. सांगणाऱ्याला त्याच्या कलेचा मोबदला द्यावा. मग ती कथा पुरुषसूक्ताशेजारी, दासबोधाशेजारी, अग्गञ्ञ सुत्ताशेजारी ठेवून वर्गात शिकवावी आणि मुलांना एकच प्रश्न विचारायला लावावा, यात शाप कोणी दिला आणि जेवले कोण? जो विद्यार्थी हा प्रश्न विचारायला शिकेल तो पुन्हा कधी ‘चुकलंच ना आपल्या माणसाचं’ असे म्हणणार नाही.